माने सरांची शाबासकी

भारतातून मुलांकडे राहायला येणारे आईवडील बॅगेत काय आणतात, हे मला आता पाठ झालंय. भाजणी, मेतकूट, जुन्या साडीत गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि आयर्लंडात मिळतच नसावी अशा ठाम समजुतीने आणलेली हळद. मिरजेच्या माने सरांनी गुण्या आणला होता. काटकोन तपासायचं ते पोलादी औजार धुवट रुमालात गुंडाळून त्यांनी स्वेटरच्या घडीत ठेवलं होतं. "मुंबईच्या विमानतळावर पोरानं इचारलं, आजोबा, हे काय? म्हटलं, वाकडं पकडायचं यंत्र हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या सायबाकडं बघितलं, आणि म्हणाला, जावा." ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवायचे.

सर मिरजेकडच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. सगळी नोकरी तिथेच झाली. निवृत्त झाले, पत्नी गेली, आणि महेशने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कागदपत्रं करून त्यांना लिमरिकला आणलं. महेश मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात, सून हॉस्पिटलात, नातू शाळेत. नातवाशी सर मराठीत बोलायचे, तो लिमरिकच्या हेलातल्या इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं झकास चाललं होतं. पण नातू शाळेतून यायला दुपार व्हायची आणि तोवर सरांची घरातल्या प्रत्येक दाराची बिजागरी तपासून झालेली असायची.

आमची गाठ पडली इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. पंगतीत शेजारी बसले आणि विचारलं, "तू काय करतीस?" या प्रश्नावर मी मंडळात जरा गुळमुळीत बोलते. मी शहराबाहेरच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात नोकरी करते. शाळा सुटलेली, कोर्टाची पायरी चढलेली, घर असून नसलेली सतरा ते एकवीस वर्षांची मुलं तिथे सोमवारी येतात, शुक्रवारपर्यंत राहतात आणि एखादं काम शिकतात. कुणी स्वयंपाक, कुणी सुतारकाम, कुणी लोखंडकाम. सकाळी हाक न मारता उठणं आणि आपली ताटली आपण धुणं हेसुद्धा अभ्यासक्रमातच येतं. डॉक्टर-इंजिनियर मंडळींना हे सांगितलं की ते "अरे वा, नोबल वर्क" म्हणतात आणि मठ्ठ्याकडे वळतात. सर वळले नाहीत.

"म्हंजे वाया गेलेली पोरं?"

"तसं म्हणत नाहीत इथे, सर."

"न्हाई म्हणत तर बरंच हाय. माझ्याकडं बी तसलीच यायची. धावीत गटांगळ्या खाल्लेली. घरचे म्हणायचे, ह्याला तुमच्या ताब्यात दिला." मग जिलबी मोडत म्हणाले, "तुमच्याकडं कानस हाय का?"

कानस, म्हणजे लोखंड घासायचं दातेरी औजार, होती. एक नाही, खोकंभर होत्या, आणि त्या हाताने चालवायला शिकवणारं कुणी नव्हतं. आमचा पगारी इन्स्ट्रक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचा आणि त्याचा सगळा जीव वेल्डिंगमध्ये. मी ऑर्लाला विचारलं. ऑर्ला आमची मॅनेजर, मनाने मऊ आणि नियमांना पक्की. ती म्हणाली, गार्डाची पडताळणी होऊ दे, बालसुरक्षेचं प्रशिक्षण होऊ दे, मग येऊ देत. गार्डा म्हणजे इथले पोलीस. सरांना भारी गंमत वाटली. "सगळी हयात पोरं शिकवून ह्या वयात मला चारित्र्याचा दाखला?" दाखला अगदी स्वच्छ आला. प्रशिक्षणात ते पहिल्या रांगेत ताठ बसले. मुलांना हात लावायचा नाही, हे मी त्यांना मराठीतूनही सांगितलं. "मी कुठं मारणार हाय कुणाला?" ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

वर्कशॉपमध्ये सर आले ते खाकी कोट घालून. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर तो आयटीआयचा कोट. खिशाला पेन आणि डोक्याला चापून लावलेलं तेल. मुलांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. पहिला पेच पडला नावाचा. आमच्याकडे मुलं सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. सर म्हणाले, "सर म्हणा." मुलं म्हणाली, इथे सर म्हणत नाहीत, पोलिसांना म्हणतात. कुणीही मागे हटेना. शेवटी आमच्या मॉसीने तोडगा काढला. मॉसी म्हणजे केंद्राचा केअरटेकर. बॉयलर, गवत, तुंबलेली गटारं सगळं त्याच्याकडे. सरांच्याच वयाचा. तो म्हणाला, आमच्या गावात शाळामास्तरला 'मास्टर' म्हणायचे. सरांना मास्टर चाललं, मुलांनाही चाललं, कारण त्यांना ते कुंगफूच्या सिनेमातलं वाटलं.

शिकवायची त्यांची तऱ्हा एकच होती. प्रत्येकाला एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा द्यायचा. तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि कानशीने घासून घासून चारी बाजूंनी काटकोनात आणायचा. मग खिडकीपाशी जाऊन गुण्या टेकवायचा आणि डोळ्यासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की काम वाकडं. परत व्हाइसवर. "लाईट?" सर विचारायचे. "लाईट, मास्टर," मुलगा हताशपणे सांगायचा. "गो बॅक. घाई केली की लोखंड ऐकत न्हाई." हे शेवटचं मराठीत. मुलांना ते शब्दही पाठ झाले होते. जेवणघरात कुणी रांगेत घुसलं की मागून हाळी यायची, 'गाई केली, गाई केली.'

सर वर्कशॉपमध्ये कधी बसत नसत. बाराच्या सुमाराला बॉयलरच्या खोलीमागे मॉसीबरोबर चहा घ्यायचे, तेवढंच काय ते बसणं. सर बशीत ओतून प्यायचे, मॉसी मगातून. दोघांची भाषा एकमेकांना धड कळत नव्हती. मॉसी हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या मॅचबद्दल बोलायचा, सर ऊसदराबद्दल, आणि दोघंही योग्य ठिकाणी मान डोलवायचे.

या मुलांत डिलन होता. उंच, सडपातळ, हीटरशेजारीही स्वेटशर्टाच्या बाह्या तळव्यापर्यंत ओढलेला. पहिल्या दिवशी त्याने कोपऱ्यातला व्हाइस निवडला, पाठ भिंतीला लागेल असा. त्या कोपऱ्यात उजेड कमी होता. सरांनी दोनदा त्याला खिडकीकडच्या व्हाइसवर बोलावलं, तो गेला नाही. त्याची पाठ भिंतीला का हवी, हे मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगू शकत नव्हते, कारण मुलांच्या घरचं स्वयंसेवकांना सांगायचं नाही असा नियम आहे. पण डिलनला त्या ठोकळ्याचं वेड लागलं. इतर मुलं ब्रेकला सिगरेट ओढायला पळायची, हा घासत राहायचा. एका बाजूचा उजेड जाईना म्हणून चिडायचा, शिव्या घालायचा आणि परत घासायचा. हळूहळू तो गुण्या बघायला खिडकीपाशी जाऊन जास्त वेळ थांबायला लागला. एक दिवस आपणहून खिडकीजवळच्या व्हाइसवर आला. तिथे त्याच्या पाठीशी अख्खी खोली होती. ऑर्लाला मी हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

त्यानंतरच्या गुरुवारी मी मुलांच्या सह्या घ्यायला वर्कशॉपमध्ये गेले होते, म्हणून जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. डिलनने गुण्या डोळ्यासमोर धरला होता. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी, चौथी. सर त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावरून त्यांनीही पाहिलं. कुठेच उजेड नव्हता. सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "शाब्बास रे पठ्ठ्या!" ते ओरडले आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आपल्याकडचा शाबासकीचा धपाटा. तालमीत वस्ताद घालतो, परीक्षेत पास झालेल्या भाच्याला मामा घालतो, तो. माझ्या पाठीवर लहानपणी असे कितीतरी बसलेत आणि एकही दुखल्याचं आठवत नाही.

डिलन खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. ठोकळा हातातून सुटला, तो गुडघ्यांत डोकं घालून, दोन्ही हातांनी मान झाकून व्हाइसच्या टेबलाखाली सरकला. सरांपेक्षा हातभर उंच मुलगा तेवढ्याशा जागेत मावला. सगळ्या कानशी थांबल्या. मग तो उठला. लालबुंद झाला होता. सगळे बघताहेत हे त्याला दिसलं. तो काहीतरी विचित्र हसला, सरांना एक घाणेरडी शिवी दिली, आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्याची खोली रिकामी झाली होती.

सर तिथेच उभे होते. धपाटा घातलेला हात अजून हवेत होता आणि तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

ऑर्लाने आम्हाला ऑफिसात बोलावलं. ती रागावली नाही. तिने मला विचारलं, हे तुमच्याकडे नेहमीचं आहे का? मी घाईघाईने सांगायला लागले: आमच्या संस्कृतीत ही माया असते, कौतुक असतं, यात मारणं नसतंच. सरांना इंग्रजी बोलता फारसं येत नव्हतं, पण समजायचं सगळं. ते मध्येच म्हणाले, "गप."

मी थांबले.

"संस्कृतीला कशाला मधी घालतीस? तिनं काय धरला हुता माझा हात? हात माझा हुता."

मला कानकोंडं झालं. सरांना वाचवायला म्हणून मी साऱ्या महाराष्ट्राला साक्षीला आणलं होतं आणि त्यांनी त्याला दाराबाहेर उभं केलं. ऑर्लाने विचारलं, काय म्हणाले? मी भाषांतर केलं.  ती म्हणाली की सरांचं येणं तूर्त थांबवावं लागेल, आणि डिलनची जागा ती काही दिवस धरून ठेवेल. फार दिवस नाही धरता येणार. बाहेर वाट पाहणारी मुलं असतात. आणि डिलन गेला होता त्याच्या भावाच्या फ्लॅटवर, जिथून आम्ही त्याला मोठ्या मिनतवारीने बाहेर काढलं होतं. तिथे राहिला तर पुढच्या वेळी त्याची बातमी कोर्टातूनच आली असती.

सोमवारी डिलन आला नाही.

मंडळात कशी कुणास ठाऊक कुणकुण लागली होती. ज्याला त्याला सरांची कीव आली. "एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करतात हे लोक!" "आम्ही काय मार कमी खाल्ला? बिघडलं काही?" महेशही म्हणाला, "बाबा, तुमचा हेतू चांगला होता." सर ऐकून घ्यायचे. मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, समोर फोन. चहा गार झाला होता.

"ते पोरगं खाली का बसलं, मला कळलंय," ते म्हणाले. "मी शाबासकी दिली. पण त्याच्या पाठीला हात कळतो, शाबासकी कळत न्हाई. आणि पाठ खोटं बोलत न्हाई. माझा हात तसलाच हाय. तिकडं मी पट्टीनं मारलंय, कानशीच्या मुठीनं मारलंय, कान धरून व्हाइसवर डोकं टेकवलंय. पोरांची मापं चुकायची, माझा तोल सुटायचा. त्याला मी शिस्त म्हणायचो."

त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात केली होती. त्यांच्या बॅचचे ग्रुप होते, गुरुपौर्णिमेला ढिगाने फुलं यायची. सर एकेकाला फोन करून माफी मागत होते, आणि कुणी मागू देत नव्हतं. माझ्यासमोरच त्यांनी एक फोन स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस पुण्याजवळ कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर होता. तो पोट धरून हसला. "सर, काय राव! तुमच्या हातचा मार खाल्ला म्हणून आज ह्या खुर्चीत बसलोय. मी तर माझ्या पोराला सांगतो, आमच्या माने सरांसारखं कुणी भेटायला पायजे तुला." सरांनी फोन ठेवला. "सगळी असंच म्हणत्यात," ते म्हणाले. खरं तर कुणाही शिक्षकाने कृतार्थ व्हावं असे ते शब्द होते. सर मान खाली घालून बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मॉसीकडे न्यायला सांगितलं. केंद्रात यायची त्यांना परवानगी नव्हती, पण मॉसीचं घर केंद्राच्या अलीकडेच, रस्त्याला लागून. मॉसीने चहा केला आणि सरांसाठी बशी शोधून काढली. सरांनी मला सांगितलं, "त्याला इचार, त्याचा मास्टर मारायचा का?"

मी विचारलं. मॉसीने खिडकीबाहेर पाहिलं.

"चामड्याचा पट्टा होता त्याच्याकडे," तो म्हणाला. "कोटाच्या बाहीत ठेवायचा. फार मोठा माणूस. गावातली निम्मी मुलं त्याच्यामुळे नोकरीला लागली. गेला तेव्हा अंत्यविधीला सगळं गाव लोटलं होतं. मीही गेलो."

"आदर म्हणून?" मी विचारलं.

"खात्री करायला."

सरांना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी विचारायला लावलं, की मास्टर नंतर कधी भेटायचा का, काही बोलायचा का.

"भेटायचा ना. दुकानात, रविवारी चर्चमध्ये. म्हणायचा, काय मॉसी, कसं काय? मी म्हणायचो, ग्रँड, मास्टर." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'मजेत'. मॉसीने सरांकडे पाहिलं. तो जे बोलत होता ते कुणासाठी आहे हे त्याला समजलं होतं. "जन्मभर ग्रँडच म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तो म्हातारा झाला होता."

परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले, "म्हंजे ती समदी मला ग्रँडच सांगत्यात."

मग त्यांनी पोपटला शोधलं. पोपट सुतार. हे नाव त्यांनी माझ्यापाशी आधी कधी काढलं नव्हतं, पण शोधायला त्यांना जराही आठवावं लागलं नाही, त्यावरून ते रोज त्यांच्या मनात असावं. पोपट हुशार होता, हात चांगला होता. एकदा त्याचा ठोकळा वाकडा निघाला आणि वर तो हसला, किंवा हसल्यासारखं सरांना वाटलं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याच्या पाठीवर स्टीलची पट्टी ओढली. दुसऱ्या दिवशी पोपट आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी वर्गात सांगितलं होतं, ज्याला मार सोसत नाही त्याला लोखंड सोसत नाही. वर्ग हसला होता.

नंबर ग्रुपवरच्या कुणाकडून तरी मिळाला. फोन लावताना मी त्यांच्या शेजारी होते. एकट्याने धीर होत नव्हता, असं ते स्पष्ट म्हणाले. पलीकडे रस्त्याचा आवाज होता. पोपट इचलकरंजीला टेम्पो चालवत होता.

"पोपट, मी माने सर बोलतोय. आयटीआयचा."

बराच वेळ नुसता हॉर्नांचा आवाज आला. मग, "बोला सर."

"तुला मी मारलं हुतं. पट्टीनं."

"व्हय."

"चुकलं माझं. त्याची माफी मागायची हुती."

 मग पोपट सावकाश बोलला. "सर, मी घरात सांगितलं न्हाई. रोज डबा घिऊन निघायचो आणि नदीवर जाऊन बसायचो. बाला कळलं तवा त्यानं येगळा मारला. वाटायचं, तुमी कुणाला तरी पाठवून बोलवून घ्याल." तो म्हणाला, "आता काय करू मी तुमच्या माफीचं? ठेवतो सर. गाडी भराय लागल्यात."

फोन बंद झाला. मला वाटलं, आता हे कोलमडतील. सर रडले, पण कोलमडले नाहीत. स्वेटरच्या बाहीने तोंड पुसून म्हणाले, "ह्यानं ग्रँड म्हटलं न्हाई. खरं बोलला. मी बोलवाय पाठवलं न्हाई. गेलं तर गेलं म्हणालो." आणि मग, "त्या पोराला कोण बोलवाय गेलंय का?"

ऑर्ला दोनदा जाऊन आली होती. डिलनने दार उघडलं नव्हतं. भाऊच बाहेर येऊन म्हणाला होता, त्याला लाज वाटते, तो नाही येणार. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"त्याला कसली लाज? लाज माझी हाय. ती त्याच्याकडं कशी गेली?"

त्यांनी ऑर्लाकडे एकच मागणं केलं. वर्कशॉपमध्ये एकदा येऊ द्या. मला परत कामावर घेऊ नका, पण ज्या पोरांनी बघितलं त्यांच्यासमोर एकदा बोलू द्या. ऑर्लाने दोन दिवस विचार केला, मुलांना विचारलं, आणि हो म्हणाली.

सर आले ते खाकी कोट न घालता. साध्या शर्ट-स्वेटरमध्ये ते एकदम लहान दिसले. मुलं आपापल्या व्हाइसशी उभी होती, खिडकीजवळचा व्हाइस रिकामा. मॉसी दारात उभा राहिला. सर दोन्ही हात पाठीमागे बांधून मराठीत बोलायला लागले आणि मी इंग्रजी करत गेले. ते "मी" म्हणत होते, म्हणून मलाही "मी" म्हणावं लागलं.

मी मुलांना मारायचो, असं मी त्या मुलांना सांगितलं. पट्टीने मारायचो. चुकलं म्हणून मारायचो, आणि माझं डोकं दुखतंय म्हणूनही मारायचो. माझ्यामुळे एक मुलगा शिकायचा राहिला. त्या दिवशी डिलनच्या पाठीने मला ओळखलं. तो घाबरला याची त्याला लाज वाटायचं कारण नाही. त्याने बरोबर ओळखलं. लाज मला वाटते.

 ते शब्द माझे नव्हते, तरी तोंडातून काढताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ज्यांचे होते ते शांतपणे पुढच्या वाक्याची वाट बघत उभे होते.

 मग मुलांतला एक, ज्याला आम्ही कधी सरळ प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं, त्याने विचारलं, "त्या मुलाने माफ केलं तुम्हाला, मास्टर?"

सरांना हे इंग्रजी कळलं. "नो," ते म्हणाले.

मुलाने विचार केला. "बरोबर आहे त्याचं."

"येस," सर म्हणाले. "करेक्ट."

त्या मुलांपैकी कुणी डिलनला काय कळवलं, ते मला ठाऊक नाही. विचारलंही नाही. पण ऑर्लाने ज्या सोमवारपर्यंत जागेचा निर्णय लांबवत नेला होता, त्या शेवटच्या सोमवारी डिलन पिशवी खांद्याला लावून आला, कुणाकडे न बघता वर्कशॉपमध्ये गेला, आणि कोपऱ्यातल्या व्हाइसशी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खिडकीजवळचा व्हाइस पुढे कितीतरी दिवस रिकामाच होता. तो मला दिसला की माझी मान खाली जायची. ऑर्लाने डिलनला विचारलं, मास्टरला भेटायचंय का? तो नाही म्हणाला. सरांना मी तसं कळवलं. "बरं," ते म्हणाले. "आला न्हवं? बास."

त्यानंतर सरांनी मिरजेला परत जायचं ठरवलं. महेशने खूप अडवलं. सर म्हणाले, इचलकरंजी तिथून जवळ आहे. पोपट दारात उभं करेल की नाही हे माहीत नव्हतं, पण बोलावणं पाठवायचं राहिलं होतं, ते आता स्वतः जाऊन करायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना मॉसीचा निरोप घ्यायला घेऊन गेले.  दोघं चहा प्यायले, आणि निघताना मॉसीने त्यांना ती बशी देऊन टाकली. परतीला आम्ही केंद्राच्या रस्त्याने आलो. शुक्रवार होता, मुलांची घरी जायची वेळ. वारा भणाणत होता. बसच्या थांब्यावर एकच मुलगा उभा होता, वाऱ्याकडे पाठ करून, टोपी डोक्यावर ओढून. आम्हाला त्याची पाठच दिसत होती, पण ती पाठ आम्ही दोघांनीही ओळखली.

मी वेग कमी केला आणि माझा हात हॉर्नकडे गेला.

"वाजवू नको," सर एकदम म्हणाले. "दचकंल. फुडं जाऊन थांबव. समोरनं दिसू दे आपण."

मी पुढे जाऊन, चांगलं अंतर ठेवून गाडी कडेला घेतली. सरांनी काच खाली केली, मागे वळले आणि उजवा हात पूर्ण उघडा, दिसेल असा, खिडकीवर ठेवला. डिलनने गाडी बघितली. आत कोण आहे ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सिगरेट धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. इथे गावाकडच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या कुठल्याही अनोळखी गाडीला रामराम म्हणून करतात, तेवढंच.

"माफ केलं असं न्हाई ते," सर म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

"ओळख दिली."

मी गाडी सुरू केली. आरशात पाहिलं तर डिलन बस येते का बघायला वळला होता. त्याने आमच्याकडे पाठ केली होती, सरळ, उघड्या रस्त्यावर, मागे कसलीही भिंत नसताना. सरांनीही त्यांच्या बाजूच्या आरशात ते पाहिलं असावं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून थोडा वर उठला, आणि त्यांनी तो डाव्या हाताने खाली धरून ठेवला.